केवळाबाईंच्या छातीचा फोटो

मित्रांनो, आता मी पिवळा पडलो आहे, माझ्या कडा मुडपल्या आहेत. मी छातीचा एक जुना एक्स-रे आहे. नांदेडच्या एका दवाखान्यात डॉक्टरकी शिकणारी कितीतरी मुलं माझ्यावरून छाती वाचायला शिकली.

माझा जन्म दुष्काळातला. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. उदगीरकडच्या एका खेड्यातल्या केवळाबाईंना धाप लागली, तेव्हा लोक म्हणाले, आता आपला जिल्हा लातूर. नवरा ग्यानोबा त्यांना एस.टी.ने तिकडे घेऊन गेला. तिथून नांदेडला पाठवलं. या फेऱ्यांत बाईंना आडवं पडणंही जमेनासं झालं.

"श्वास आत ओढा, धरून ठेवा," असं त्यांना सांगितलं. त्यांना धरवेना. तरी मी बरा निघालो. अंधाऱ्या खोलीत मला धुवायला टँकरचं जेमतेम बादलीभर पाणी होतं. हा पिवळेपणा त्याचाच.

माझ्यात हवा काळी दिसते आणि पाणी पांढरं. केवळाबाईंची डावी बाजू वरपासून खालपर्यंत पांढरीफेक होती, म्हणजे पाण्याने भरलेली. त्या पाण्याने हृदयाला पार उजवीकडे ढकललं होतं. सुईने ते पाणी काढलं असतं, तर बाई मोकळा श्वास घेऊ शकल्या असत्या.

शंकरप्पा नावाच्या शिकाऊ डॉक्टरने मला उजेडाच्या पेटीवर लावलं, पण उलटं. त्यामुळे सरकलेलं हृदय डावीकडे, जिथे असायला हवं तिथेच दिसू लागलं, आणि पाणी उजवीकडे. कोपऱ्यातलं बाजू सांगणारं अक्षर आरशातल्यासारखं फिरलं होतं. घाईत ते त्याने पाहिलंच नाही.

ग्यानोबा म्हणाला, "डाक्टरसाब, तिची डावी कूस लई दुखायलीय."

"मला फोटोत दिसतंय, मामा. तुम्ही बाहेर थांबा."

ओरडायला मला तोंड नव्हतं. सुई उजवीकडे गेली. पाणी आलं नाही. होतं ते एकच चांगलं फुफ्फुस, सुई टोचून तेही मिटलं. ग्यानोबाला आत बोलावलं, तेव्हा केवळाबाई गेल्या होत्या.

त्याला शिकवणाऱ्या मोठ्या सरांनी मला काढून सुलट लावलं. शंकरप्पा भिंतीला टेकून म्हणाला, "सर, मी छातीला हातसुद्धा लावून बघितला नाही."

मग दरवर्षी सर मला मुद्दाम उलटं लावत आणि नव्या मुलांना बाजू विचारत. मुलं चुकली की सर केवळाबाईंची हकिकत सांगत. माझं मोल फार, असं सर म्हणत.

एकदा ग्यानोबा मला मागायला आला. "तिचा दुसरा फोटू न्हाई, साहेब." सरांनी मला त्याच्या हातात दिलं. त्याने मला खिडकीकडे धरलं, फिरवून फिरवून पाहिलं.

"ह्याच्यात ती कुठं हाय?" त्याने विचारलं.

तो मला टेबलावर ठेवून निघून गेला.

सर निवृत्त झाले. माझ्यावरची केवळाबाईंच्या नावाची पट्टी कुणीतरी कापून टाकली. आता मला 'फसवा एक्स-रे' म्हणतात.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी डॉक्टर झालं, तर मला उजेडावर धरण्याआधी माणसाच्या छातीवर हात ठेवा. कुठं दुखतं ते त्याला सांगू द्या. इथल्या मुलांना मी हे सांगू शकत नाही. जो फसतो त्याला ती हसतात, पेटीचा दिवा बंद करतात आणि जेवायला जातात.