वहीतली वीत

कात्री हातात धरून मधली अर्धा तास टेबलापुढे उभी होती, आणि समोरच्या कापडाला अजून एक चीरसुद्धा पडलेली नव्हती.

मधली म्हणजे आजीच्या एकवीस नातवंडांतली बरोबर अकरावी. थोरल्यांनी तिला लहान म्हणून पिटाळलं, धाकट्यांनी मोठी म्हणून टाळलं, आणि ही बारा वर्षांची असताना आजीच्या शिवणाच्या दुकानात येऊन बसली ती बसलीच. दुकान कसलं, घराचीच रस्त्याकडची खोली ती. खिडकीशी मशीन, मशीनचं तोंड उजेडाकडे, आणि पाठीमागे आजीचं बेतायचं टेबल. आजी माप घ्यायची, कापड बेतायची आणि कापलेले तुकडे मागून पुढे सरकवायची. मधली शिवायची. बावीस वर्षं दोघी अशा एकमेकींकडे पाठ करून गप्पा मारत राहिल्या. दीड महिन्यापूर्वी आजी दुपारी जरा पडते म्हणाली आणि उठलीच नाही. शिवण मधलीच्या हातात बसली होती, पण बेतणं आजी बरोबर घेऊन गेली.

आणि नेमका आत्ता हा कोट! बसड्रायव्हरच्या बायकोनं आणून दिलेलं कापड, गडद निळं, बहिणीनं लांबून पाठवलेलं, पुन्हा मिळायची सोय नाही. शुक्रवारी ड्रायव्हर निवृत्त व्हायचा होता आणि डेपोत त्याचा निरोप समारंभ होता. बायकोला त्याला चकित करायचं होतं.

"त्यांना अजिबात कळता कामा नये हं," ती म्हणाली होती. "दोन वर्षांपूर्वी आजींनी माप घेतलं होतं. मग हेच म्हणाले, कुठे मिरवायचाय कोट, आणि राहिलं. वहीत असेल बघ."

"जुनं काही अंगाला बसणारं आणता का त्यांचं?"

"अगं, डेपोतून मिळालेले गणवेश, नुसती पोती, तीच घालतात! अंगाला बसणारं त्यांच्याकडे काही असतं तर मी तुझ्याकडे आले असते का?"

वहीत माप होतं. आजीच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात: छाती पाच वीत, उंची साडेतीन वीत, बाही पावणेतीन वीत. सगळी वहीच तशी. इंच नाही, फूट नाही, नुसत्या विती आणि बोटं. आजीच्या गळ्यात टेप असायची, पण ती शोभेला. आता वीत मोजायची तर ती वीत कुठून आणायची? वीत गेली आजीबरोबर.

थोरल्या काकांना हे कळलं तेव्हा ते आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच निकाल देऊन मोकळे झाले. काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उभं आयुष्य लोकांचे बांध मोजण्यात गेलेलं, त्यामुळे जगात मोजून मिटत नाही असा वाद नसतो, अशी त्यांची पक्की समजूत.

"हे बघ मधले, स्पष्ट सांगतो. आईनं माप घेऊन राहिलेलं हे एकच काम. ते नीट पार पडलं, तर दुकान तुझं, आम्ही कोणी बोलणार नाही. पण जिला बेतता येत नाही तिनं आईच्या नावावर लोकांची कापडं नासू नयेत. मग कुलूप लावायचं, खोली रिकामी करायची. पटतंय का?"

पटत होतं, हीच तर पंचाईत. या खोलीबाहेर मधलीला काहीसुद्धा येत नव्हतं, आणि यायला हवं असं तिला कधी वाटलंही नव्हतं.

"पण आजीची वीत केवढी होती?" तिनं विचारलं.

"हात्तिच्या! एवढंच ना?" काकांनी छाती फुगवली. "दहा इंच. आईचा पंजा म्हणजे पंजा होता. माझ्या पाठीत बसलाय, मला विचार."

रविवारी सगळं घर जमलं. जमायचं कारण कोट, पण जमल्यावर जे व्हायचं तेच झालं: चहाची तीन आधणं, दोन भांडणं आणि आजीच्या आठवणी. आत्या, म्हणजे काकांच्या पाठची बहीण, आयुष्यभर नर्स होती. ती म्हणाली, दहा इंच बायकांचा हात असूच शकत नाही, आठ म्हणा. बेकरीवाला चुलतभाऊ म्हणाला, आजीचे हात लहान होते, पण बोटं लांब. कोणी म्हणालं जाड, कोणी म्हणालं काटकुळी. एकाच म्हातारीचे सतरा हात तयार झाले. आजी असती तर म्हणाली असती, मेल्यांनो, एवढ्या हातांनी मी मशीनं तरी चार चालवली असती.

"गप्प बसा सगळे," काका म्हणाले. "आईनं शिवलेलं ज्याच्याकडे जे असेल ते आणा. वहीतलं माप बघायचं, कपडा मोजायचा, भागाकार करायचा. वीत हातात!"

डोकं होतं माणसाला, नाही कशाला म्हणा. सगळे आपापल्या कपाटांकडे पळाले. तासाभरात टेबलावर ढीग लागला आणि काकांनी पोलादी टेप काढली.

त्यांच्या स्वतःच्या कोटातून वीत निघाली नऊ इंच. "दहा नाही, पण जवळपास," काका म्हणाले. आत्याच्या जाकिटातून निघाली साडेसात. बेकरीवाल्याच्या विजारीतून आठ. काकांच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. मग आत्याच्या नातीचा फ्रॉक आला. ती सहा वर्षांची, सगळे तिला चिमणी म्हणायचे. फ्रॉकची छाती पंचवीस इंच, वहीत लिहिलेलं पाच वीत.

"पाच इंचांची वीत?" बेकरीवाला खो खो हसला. "आजी होती का बाहुली?"

"आईनं चुकीचं लिहिलंय," काका म्हणाले, आणि आपण काय बोललो ते ऐकून स्वतःच चपापले. आजीचं माप चुकलं असं त्या घरात कोणी कधी म्हटलं नव्हतं. मधलीला वाटलं, संपलं. आता कुलूपच.

काका वैतागले होते. वैतागले की त्यांना हाताला काहीतरी चाळा लागतो. समोर त्यांचा कोट पालथा पसरला होता. त्यांनी त्यावर आपली वीत टाकली, एक. दुसरी टाकली. मग अर्धी, आणि कडेला येऊन त्यांचा अंगठा बरोबर शिवणीवर थांबला. पसरलेल्या कोटाची अर्धीच छाती वर दिसते. अडीच दुणे पाच, आणि वहीतही पाचच.

"आत्या," काका हळूच म्हणाले. बहिणीला ते कधी आत्या म्हणत नसत, मुलांसमोरसुद्धा नाही, यावरून समजा ते किती हादरले होते. "तुझं जाकीट घे. तुझ्या हातानं मोज."

आत्यानं मोजलं. बरोबर. बेकरीवाल्यानं पिठाचे डाग पडलेला पंजा विजारीवर टाकला. बरोबर. चिमणीला टेबलावर उभं केलं, तिनं जीभ बाहेर काढून फ्रॉकवर आपली इवलीशी वीत टाकली, आणि तीही बरोबर.

"अगं बाई," आत्या खुर्चीत बसली. "ज्याची त्याची वीत. आई ज्याच्या त्याच्या हातानं मोजायची."

मग एकेकाला आठवायला लागलं. दुकानात कोणीही शिरलं की आजी विचारायची, "हात आणलास का?" आणि येणारा म्हणायचा, "नाही, घरी विसरलो." घरात पन्नास वर्षं हा विनोद चालत आला होता. विनोद नव्हताच तो, म्हातारी हत्यार मागत होती! मधलीला तर स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. रोज संध्याकाळी ते टेबल ती पुसायची. त्यावर खडूच्या रेघांच्या जोड्या असायच्या, एक जोडी जवळ, एक लांब. आजी गिऱ्हाइकाचा हात टेबलावर पसरून अंगठ्याशी एक आणि करंगळीशी एक रेघ ओढायची, आणि मधली बावीस वर्षं त्या रेघा ओल्या फडक्यानं पुसत आली होती.

"दहाच्या पुढचे आकडे तिला येतच नव्हते सुरुवातीला," आत्या म्हणाली. "टेप वाचणार कशी? आणि पोरांचा हात अंगाबरोबर वाढतोच. वहीत पुन्हा लिहायला नको."

"ती आधी हात हातात घ्यायची," बेकरीवाला म्हणाला. आता तो हसत नव्हता. "दोन्ही हातांनी. चोळायची, बोटं सरळ करायची. मला वाटायचं, माझ्यावर तिचा जास्त जीव आहे."

"तुझ्यावर?" आत्या म्हणाली. "मला वाटायचं, माझ्यावर."

काकांचं तोंड बघून सगळ्यांना कळलं की त्यांचीही तीच समजूत होती, आणि सर्वांत जुनी. मग आत्या हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि सगळं घर तिच्यामागोमाग. "माप घेत होती गं ती आमचं," ती डोळे पुसत म्हणत राहिली, "नुसतं माप घेत होती."

पण कोट अजून तसाच होता. सोमवारी सकाळी मधलीनं ड्रायव्हरच्या बायकोला बोलावून घेतलं आणि विचारलं, "त्यांची वीत केवढी आहे?"

बाई स्वतःचा पंजा पसरून बघत राहिली. "माझ्याहून मोठी. एवढी असेल. नाही, एवढी." मग तिनं हात खाली घेतला. "अडतीस वर्षं झाली गं लग्नाला. मला सांगता येत नाही, बघ."

"आम्हालाही आमच्या आजीची सांगता आली नाही," मधली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाई वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन धापा टाकत आली. दुपारी नवरा घोरत असताना तिनं त्याचा हात कागदावर ठेवून पेन्सिलीनं गिरवला होता. मधल्या बोटापर्यंत आली आणि तो जागा झाला.

"मग?"

"म्हणाले, काय चाललंय? मी म्हटलं, हात बघतेय, बरा वाटला. तर चक्क लाजले हो!" बाई स्वतःही लाजली. "मग स्वतःच पसरून धरला. विचारलं काही नाही."

मधलीनं कागद टेबलावर ठेवला. अंगठ्याशी एक रेघ, करंगळीशी एक. साडेआठ इंच. तिनं पाच विती मोजल्या, शिवणीसाठी पदरचं थोडं सोडलं, आणि मनातल्या मनात कुणाला तरी 'बघ हं' म्हणून कात्री चालवली. पहिली चार बोटं कात्री अडखळत गेली. पुढे कापड आपसूक वाट देत गेलं.

शुक्रवारी डेपोत काका स्वतः गेले. निरोपाची भाषणं त्यांनी ऐकली नाहीत. ते ड्रायव्हरच्या मागे मागे फिरत त्याचे निळ्या कोटातले खांदे बघत होते, इतके की शेवटी त्यानं विचारलं, "साहेब, काही सांडलंय का पाठीवर?"

"काही नाही," काका म्हणाले. "एक सुरकुती नाही."

शनिवारी सकाळी ते दुकानात आले तेव्हा मधली मशीनवर नव्हती. ती टेबलापाशी उभी होती. तिच्यासमोर आजीचं राखाडी जाकीट पसरलेलं होतं, आजी रोज अंगात घालायची ते. शेजारी वही, शेवटच्या पानावर उघडलेली. पानावर वर लिहिलं होतं, मी. खाली एकच ओळ: छाती सहा वीत.

"काका, हे जाकीट एकोणचाळीस इंच भरतं," मधली म्हणाली.

भागाकार काकांना सांगावा लागला नाही. टेबलावर मधलीनं ओढलेल्या खडूच्या दोन रेघा होत्या, साडेसहा इंचांवर. काका वाकून बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग आपला पंजा त्यांनी त्या रेघांवर ठेवला. तो दोन्हीकडून बाहेर गेला. बोटं आवळून, अंगठा आत ओढून त्यांनी तो दोन रेघांच्या मध्ये बसवायचा प्रयत्न केला, पण बसेना.

"एवढासाच?" ते म्हणाले.

"एवढासाच."

"अगं, पण मला आख्खा मावायचा माझा हात त्यात. माझी मूठ, सगळी बोटं, सगळं." त्यांनी पंजा उचलून डोळ्यांपुढे धरला. "एवढ्याशा हातानं तिनं आम्हा सातजणांना..."

मधलीनं त्यांना खुर्ची दिली आणि पाणी आणलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजलेला तो माणूस टेबलावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं खिडकीतून डोकावून गेली, तरी त्यांनी डोकं वर केलं नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी तोंड पुसलं आणि उठले.

"दुकानाचं तू बघ," ते म्हणाले. "आणि मला एक सदरा हवाय. माप घे."

मधलीनं त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.