मूषकनाथांची थंड धुराची कुपी

कारध्याच्या समाजमंदिरात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मूषकनाथ महाराजांनी थर्माकोलच्या पेटीचं झाकण उचललं, आत तांब्याभर पाणी ओतलं आणि भसाभस पांढरा धूर काठावरून जमिनीवर उतरला. विस्तव नाही, काडी नाही, आणि धूर थंडगार. बायांनी हात जोडले. महाराजांनी धुरातून बोटाएवढी काचेची कुपी काढली. आत काहीच दिसत नव्हतं.

"देखो, खाली है," महाराज म्हणाले. "दिसत नाही तेच खरं तेज. गणरायाच्या वाहनाचं तेज. दंडात एक सुई, आणि रोग बिळात."

कुपीच्या कागदावर खरंच चिमुकला उंदीर छापलेला होता. धानाच्या बांधीत उंदीर दिसला की काठी घेऊन धावणारं आमचं गाव त्या दिवशी उंदरापुढे ओळीनं बसलं होतं. या गावात मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, हे सांगायला आता संकोच वाटतो.

ओळीत पहिला होता कोसा रेशमाचं कापड विणणारा सेवकराम. क्षयाच्या औषधांचा त्याचा चौथा महिना. खोकला थांबला होता, अंगही भरत होतं. पण आदल्या रविवारी महाराजांनी सांगितलं, वाहनाला दुसरं औषध खपत नाही. मग गड्यानं उरलेल्या गोळ्यांना हळदकुंकू वाहिलं आणि गणपतीसारख्या वैनगंगेत शिरवल्या. त्याला आठ दिवस झाले होते.

त्याची पुतणी रुचिका नागपूरला प्रयोगशाळेत काम करते. गोळ्यांचं ऐकून ती सकाळीच आली होती. तिनं दर्शनाला म्हणून कुपी मागून घेतली आणि कागद मोठ्यानं वाचला.

"काका, उंदराच्या अंगातल्या पेशी एकमेकींले निरोप देतात. तो निरोप नेणारं हे प्रथिन. प्रयोगासाठी कारखान्यात जंतूंकडून बनवून घेतात. सुकवून देतात म्हणून कुपी रिकामी दिसते. अन् इथं लिहून आहे, फक्त संशोधनासाठी, माणसाले देऊ नका. मुदतही दोन साल आधीच सरली."

"अन् धूर कायचा, पोरी?" ओळीत बसलेल्या शकुनबाईंनी विचारलं.

रुचिकानं दुपट्ट्याच्या जाड घडीत पेटीतला एक पांढरा खडा धरला आणि शकुनबाईंच्याच पाण्याच्या लोट्यात टाकला. लोटा धुमसू लागला.

"सुका बरफ. असा माल याच्यातच घालून पाठवतात. याचं पाणी होत नाही, सरळ वायू होते. त्याच्या गारव्यानं हवेतली वाफ ढगासारखी दिसते. हात नका लावू, कातडी जाते."

"श्रद्धा लगती है, बेटी," महाराज गडबडले.

"माह्या लोट्यात कोणती श्रद्धा होती, बापा?" शकुनबाई म्हणाल्या.

"मंग महाराज, पहिली सुई तुम्हीच घ्या," रुचिका म्हणाली. महाराजांना एकदम आठवलं, शहापूरलाही आज आपली बैठक आहे. ते चपला सोडून निघाले, पण पोरांनी पेटीसकट त्यांना पोलीस ठाण्यात नेलं.

सगळे हसत होते. सेवकराम तेवढा हसला नाही. "मंग माह्या गोळ्या?" एवढंच तो म्हणाला. मला फार वाईट वाटलं. गोळ्या शिरवल्याचं मला चार दिवसांपासून ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर रागावले, थुंकी पुन्हा तपासायला घेतली, गोळ्या पुन्हा दिल्या. आता त्याची बायको कौशल्याबाई समोर बसून त्याला गोळी गिळायला लावते.

गणपतीला खुशाल हात जोडा. पण सुई दंडात शिरण्याआधी कुपीवर काय लिहिलंय ते वाचा. वाचता येत नसेल तर विचारा. विचारल्यानं कुठलाच देव रुसत नाही.