अकरा वावांचं तोरण

दसऱ्याला वेशीजवळच्या जुन्या बुरुजाला झेंडूचं तोरण बांधायचा मान कलाबाईच्या घराचा. आधी सासूनं बांधलं, मग तीस वर्षं कलाबाईनं. यंदा गल्लीतला जाणता पुंजाराम म्हणाला, "आता धाकटीला बांधू द्या." धाकटी म्हणजे तिची जाऊ, सगुणाबाई. बोलायला गुळाची ढेप. पोटात काय, ते देव जाणे.

"बांधू दे की," कलाबाई म्हणाली आणि पुढं आठ दिवस तिला घास गोड लागला नाही.

सगुणा विचारायला आली. "जाऊबाई, तोरण किती लांब लागतं?"

"अकरा वाव. सासूबाईंपासून तेच हाय."

खोटं एक अक्षर नव्हतं. वाव म्हणजे दोन्ही हात फाकवून होईल तेवढं माप. सासू ताडासारखी, कलाबाईही तशीच. सगुणा उभी राहिली तरी बसल्यागत दिसायची. तिच्या हातांचे अकरा वाव कुठवर पुरतील, ते कलाबाईला पक्कं ठाऊक होतं.

दसऱ्याच्या सकाळी बुरुजाखाली ही गर्दी! सगुणेचा नवरा सोमनाथ शिडीवर चढला. एक टोक डाव्या खुंटीला बांधून त्यानं तोरण गोलाईवरून ओढत नेलं, अन् उजवी खुंटी दोन वाव लांबच राहिली. बायका पदराआड हसल्या. समोर फुलांची पाटी अन् सुई-दोरा मांडून बसलेल्या कलाबाईच्या जिवाला कसा गारवा आला.

"कलाबाई, आता कसं हो?" पुंजाराम म्हणाला.

"मान जिचा, तिनं बघावं. नायतर चारचौघांत माझ्याकडं मागावं."

तिला वाटलं, सगुणा लाजेनं मरेल. सगुणा सरळ आली आणि वाकून पाया पडली. "जाऊबाई, तुमचे हात मोठे, मनबी मोठं. तेवढं पुरं करून द्या."

"काय गुणाची बाई!" लोक म्हणाले. सगुणेला म्हणाले.

कलाबाईच्या अंगाची लाही झाली. पण नाही म्हणायची सोय उरली नव्हती. सगुणेचं तोरण सगळं पिवळं. कलाबाईनं पाटीतला पिवळा झेंडू बाजूला सारला, गडद केशरी तेवढा उचलला आणि भराभर सुई चालवली.

"वहिनी, टोकाला जोडू ना?" सोमनाथनं विचारलं.

"टोकाला कशाला? मधोमध तोड अन् तिथं जोड. वेशीच्या तोंडासमोर आलं पायजे."

तोरण चढलं. भाजीची पिशवी घेऊन एक बाई थांबली, वर बघून म्हणाली, "मधलं ते केशरी..."

"माझं," कलाबाई म्हणाली.