शेपटीचा वाटा

"आज रिकाम्या हाताने आलास तर दार उघडायची नाही, म्हाताऱ्या, सांगून ठेवते!" कुलपाशवहिनी उशीला टेकूनच म्हणाली. मी, गावची नर्स, तिच्या दंडात सुई टोचत होते, पण तिचं लक्ष सगळं नवऱ्याच्या बुटांकडे. "बेचाळीस वर्षं संसार केला. अख्ख्या गावाने तुझे मासे खाल्ले. माझ्या वाट्याला काय, तर तुझ्या कोटाचा वास!"

केन्झेताय दाराशी बसून बूट चढवत होता. गावच्या पाण्याच्या पंपावर मेकॅनिक म्हणून त्याची हयात गेली, आणि हिवाळ्यातली एकूण एक सुट्टी झैसान तळ्याच्या बर्फावर, शोर्तान माशाच्या मागे.

"आज कुणाला देणार नाही," तो म्हणाला. "कुणीही आडवं येऊ दे. डोक्यासकट आणतो."

"डोकं माझं हं. सूप कर त्याचं. तेवढं खावंसं वाटतंय बघ."

नऊ दिवस तिने पाण्याशिवाय काही धड घेतलं नव्हतं. ते ऐकून केन्झेतायचा चेहरा असा उजळला, की मला तिथे उभं राहवेना. मी पेटी उचलली आणि निघाले.

आमच्याकडे शिकार घेऊन परतणाऱ्याला वाटेत कुणी 'सिराल्गी!' म्हटलं, की त्याने वाटा द्यायचा. नाही म्हणायची रीतच नाही. बाकीचे मासे धरणारे वस्ताद, मोठा मासा गोणीखाली दडपून आणतात. हा साधाभोळा माणूस मात्र घसरगाडीवर मासा उघडा टाकून भर गल्लीतून यायचा. गल्लीत बायमुरात आपल्या फाटकाशी बाकावर बसलेलाच. मासा दिसायच्या आधीच त्याची सिराल्गी तयार! 'एक तुकडा घे' म्हटलं तर बायमुरात अर्धा मासा उचलायचा, आणि केन्झेताय हसत घरी जायचा.

त्या दिवशी बर्फावर काय झालं ते त्याने मला नंतर इतक्यांदा सांगितलंय, की मीच तिथे होते असं वाटतं. मार्च सरत आला होता, बर्फ काळवंडायला लागला होता. या दिवसांत शोर्तान अंडी घालायच्या बेतात बोरूच्या बेटांच्या कडेला येतो. पोट जड, अंगात आळस. दुकानातल्या चकचकीत पत्र्याच्या माशांकडे ढुंकून बघत नाही. त्याला समोर हलणारा जिवंत मासा लागतो, तोही बोटाएवढा. केन्झेतायने असे मासे आठवडाभर घरातल्या बादलीत जपले होते. गळ पाठीवरच्या पराखाली हलकेच घालायचा, म्हणजे मासा पोहत राहतो. गळाला आधी वीतभर तार आणि मग दोर, कारण नुसता दोर शोर्तान दातांनी कचकन तोडतो. तार त्याची नेहमीची, पंप वर खेचायच्या जुन्या पोलादी दोरातून उसवलेली.

सहा भोकं पाडली, प्रत्येकाशी लाल चिंधीची काठी लावली. खाली मासा लागला की काठी उभी राहते. दुपारी चौथी चिंधी उठली. नवखा असता तर धावत जाऊन हिसडला असता आणि हात चोळत बसला असता. शोर्तान भक्ष्य आडवं धरतो, थोडं पळतो, मग थांबून तोंडातल्या तोंडात फिरवतो आणि डोक्याकडून गिळतो. तो थांबला की आपणही थांबायचं.

"दोर सैल पडला तरी हललो नाही," केन्झेताय सांगतो. "कुलपाश म्हणते ना, तुला दुसरं काही येत नाही, नुसतं थांबता येतं. तर थांबलो."

दोर पुन्हा चालू लागला तेव्हा त्याने झटका दिला. मासा इतका थोराड, की डोकं भोकातून निघेना. पहारीने कडा फोडल्या, कल्ल्यांत हात घातले, बोटं रक्तबंबाळ करून ओढून काढला. माझ्या कमरेला लागेल एवढा शोर्तान! मग सगळी वाट तो एकच वाक्य घोकत आला, 'माफ कर, आज कुलपाशसाठी आहे.' जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं.

मी दवाखान्याच्या दारातून बघत होते. दुकानवाल्या मारियमने त्याला पाहिलं आणि ती चटकन आत वळून पोती रचू लागली. कोळसा उतरवणारे दोघे ट्रकमागे गेले. आणि बायमुरात? तो बाकावरून उठला, गल्लीकडे पाठ केली आणि फाटकाची बिजागरी तपासू लागला.

केन्झेताय त्याच्याजवळ थांबला. "बायमुरात, मासा बघ."

"बघितला. झकास आहे."

"मग माग की!"

"मला हल्ली मासा पचत नाही, केन्झे. घरी जा. वहिनी वाट बघत असतील."

बायमुरातला दगड पचतात. केन्झेताय गाडी ओढत सरळ माझ्याकडे आला.

"रबीगा, गावाला असं काय माहीत आहे, जे मला नाही?"

काय सांगू तोंडाने! शहरातल्या डॉक्टरांचा कागद चार दिवसांपूर्वी माझ्याकडे आला होता. वहिनीच्या पोटातली गाठ काढताच आली नव्हती. पोट उघडून तसंच शिवलं होतं. हे केन्झेतायला सांगणं माझं काम. त्याला सांगायला जीभ उचलली नाही, पण जावेजवळ बोलले, कुणाला सांगू नकोस म्हणून. आमच्या गावात याहून मोठी दवंडी नाही. मला माझी लाज वाटली, अजून वाटते.

मी सगळं सांगितलं. तो दवाखान्याच्या बाकावर बसला. मी त्याच्या बोटांना पट्ट्या बांधत होते.

"किती दिवस?"

"नवं गवत येईपर्यंत, दादा. फार तर."

"तिला माहीत आहे?"

"नाही."

"आज वाटेत कुणीच मागितलं नाही म्हटलं, तर तिला कळेल. मला कळलं ना? आणि ती तर माझ्याहून दसपट हुशार."

तो उठला. पायरीवरच सुरी काढून त्याने शेपूट कापली आणि बायमुरातच्या फाटकाशी गेला.

"म्हण सिराल्गी."

बायमुरात बिजागरीकडेच बघत राहिला. "सिराल्गी," तो पुटपुटला.

"नेहमीसारखं म्हण."

"सिराल्गी!" बायमुरात एवढ्याने ओरडला, की कोळशाच्या ट्रकमागची माणसं बाहेर आली.

संध्याकाळी मी सुई द्यायला गेले तेव्हा घरभर सुपाचा वास होता. कुलपाशवहिनीच्या मांडीवर वाडगा.

"काय रे, वाटेत कोण भेटलं?"

"कोण भेटणार? बायमुरात!"

"आणि तू दिलास!"

"शेपूट दिली. नुसती शेपूट."

"अगंबाई! बेचाळीस वर्षांनी अक्कल आली माझ्या म्हाताऱ्याला!" ती खदखदून हसली, पोटावर हात दाबून हसली आणि तिने चमचा तोंडाला लावला. एक, मग दुसरा.

तेवढ्यात खिडकीखालून आवाज आला, "केन्झे! शेपटीने कुणाचं पोट भरतं रे? पुढच्या वेळी डोकं घेणार!"

"डोकं माझं आहे, मेल्या!" वहिनीने आतून हाळी दिली. महिनाभरात तिचा आवाज गल्लीत गेला नव्हता.

"बघू, बघू! पुढच्या हिवाळ्यात बघू!"

केन्झेताय चुलीकडे तोंड करून विनाकारण पातेलं ढवळत राहिला. मी पडदा जरा सरकवला. बायमुरात टोपी हातात घेऊन भिंतीला टेकला होता, शेपूट कागदात गुंडाळून काखेत तशीच.

"गेला का चोर?" वहिनीने विचारलं.

"गेला," मी म्हणाले आणि पडदा लावून घेतला.