डावा उलटा जोडला होता

हॉर्सेन्स गावच्या, स्पीकर पारखणाऱ्या श्रवण मंडळात एकूण अकरा सभासद. सगळे पुरुष, सगळे साठीच्या पुढचे, आणि सगळ्यांचा आस्गर विंथरच्या कानांवर विश्वास. आस्गरचा स्वतःचाही होता. गेल्या महिन्यापर्यंत.

गेल्या महिन्यात कान तपासणाऱ्या बाईंनी त्याला एका बंद खोलीत बसवलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. आस्गर बराच वेळ शांत बसून राहिला. तो यंत्र सुरू व्हायची वाट पाहत होता. मग बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, झालं. कागदावरची रेघ डावीकडून चांगली निघाली होती आणि मध्यावर, उंच स्वर सुरू होतात तिथे येऊन तिने कड्यावरून उडी मारली होती. उजव्या कानाच्या रेघेला तर जास्तच घाई होती. छत्तीस वर्षं फिजिक्स शिकवलेल्या माणसाला आलेख कोणी वाचून दाखवायची गरज नव्हती. श्रवणयंत्रं लावून घ्या, बाई म्हणाल्या. विचार करतो, आस्गर म्हणाला, आणि बाहेर येऊन त्याने विचार केला तो स्पीकरांचा. कान आहेत तोवर शेवटची, चांगली, जमिनीवर उभी राहणारी जोडी घेऊन टाकायची. कानांबद्दल मात्र कोणाला बोलायचं नाही. बायकोला, बोडिलला, तर नाहीच.

स्पीकरांची किंमत त्याने बोडिलला एकदा सांगितली होती. ती ऐकून खोली सोडून गेली नाही, ही त्याने संमती धरली.

जवळच्या स्कॅनरबोर्ग गावी गोर्मच्या स्पीकरांच्या दुकानात दोन जोड्या शेवटच्या फेरीत उरल्या. एक अक्रोडाच्या लाकडाची, छातीपर्यंत उंच, भारदस्त. दुसरी पांढरी, सडपातळ, दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात शोभेल अशी. आस्गरने दोन्हींपुढे दोन तास डोळे मिटून मान डोलावली.

"काय वाटतं?" गोर्मने विचारलं.

"दोघांचं म्हणणं वेगळं आहे," आस्गर म्हणाला. हे वाक्य कुठल्याही दोन वस्तूंना चालतं.

"दुकानात सगळेच गातात रे. दोन्ही घरी ने. आपल्या खोलीत, आपल्या खुर्चीत बसून ऐक. सोमवारी दुपारपर्यंत एक परत आण."

तशी पद्धतच होती. पद्धत आणखीही एक होती: सभासदाच्या घरी नवी जोडी आली की रविवारी दुपारी दोन वाजता सगळं मंडळ कॉफी-केकला येणार, एक रेकॉर्ड न बोलता ऐकणार, आणि मग यजमानाने आपलं मत आधी सांगायचं. ते मत मंडळाच्या पत्रकात छापून येई. पत्रकात प्रत्येक स्पीकरला आवाजाचे, बांधणीचे गुण असत, आणि शेवटच्या रकान्यात पाचपैकी बायकोचे गुण. म्हणजे हे लाकूड दिवाणखान्यात बायको कितपत सहन करील, त्याचे. हे गुण नवरे देत. बायकांना विचारायची पद्धत नव्हती. बावीस वर्षं बोडिलच्या नावाने आस्गरच गुण देत आला होता, आणि ते चुकले अशी तक्रार कधी आली नव्हती, कारण बोडिल पत्रक वाचत नसे.

शुक्रवारी संध्याकाळी मंडळातला विग्गो मदतीला आला. विग्गो गुरांचा डॉक्टर. निवृत्त झाला तरी वजनं उचलायचं त्याला काही वाटत नसे.

"गाय परवडली," अक्रोडी जोडीतला दुसरा नग उंबऱ्यावरून आत घेताना तो म्हणाला. "गाय निदान स्वतःचे पाय वापरते."

"कोपरा सांभाळ. लॅकरचं पॉलिश आहे त्यावर."

"गायीलाही असतं. बरं, रविवारी काय ते सांग. आमचं काय, तू म्हणशील ते."

आस्गर हसला. रविवारी दहा माणसं त्याच्या तोंडाकडे बघणार होती, आणि त्या तोंडातून काय निघायचं ते ज्या दोन कानांवर अवलंबून होतं त्यांच्या रेघा ड्रॉवरमध्ये कुलूपबंद होत्या.

शनिवारी सकाळी नऊला तो वही घेऊन खुर्चीत बसला. ही खुर्ची दोन्ही स्पीकरांपासून बरोबर सारख्या अंतरावर होती, आणि घरात तीत दुसरं कोणी बसत नसे. चाचणीची रेकॉर्ड नेहमीचीच: एक बाई, एक मोठं व्हायोलिन, आणि दोघांमध्ये पुष्कळ शांतता. ती रेकॉर्ड मंडळात कोणालाच आवडत नसे, सगळ्यांकडे होती.

अक्रोडी जोडी ऐकली. छान. तारा काढून पांढरी जोडली. छान. परत अक्रोडी. छान. अकरा वाजले तेव्हा वहीत तीनदा 'छान' लिहिलेलं होतं, आणि 'छान' हा शब्द पत्रकाने एकोणीसशे अठ्ठ्याण्णवमध्ये बाद केलेला होता. मग दुसऱ्यांदा पांढरी जोडल्यावर अचानक काहीतरी निराळं झालं. बाईचा आवाज स्पीकरांतून निघून खोलीभर पसरला. भिंती मागे सरकल्या. आस्गरचे डोळे भरून आले. आपण उगाच घाबरलो. कान शाबूत आहेत. त्याने घाईघाईने लिहिलं: 'विलक्षण प्रशस्त. हवेशीर. गायिका जागेच्या बंधनातून मुक्त.' खाली दोन रेघा ओढल्या.

तेवढ्यात बोडिल परसातून आत आली. अंगात जुना स्वेटर, कडेवर लेकरू घ्यावं तशी कुरळ्या कोबीची जुडी. स्वयंपाकघराकडे जाता जाता ती दारात थबकली.

"डावा उलटा जोडलायस," ती म्हणाली.

"काय?"

"तार. लाल-काळी उलटसुलट. ती बाई कुठे उभी आहे ते कळत नाहीये. बिचारी घरभर हिंडतेय."

ती आत गेली. नळ सुरू झाला. आस्गर उठला, गुडघ्यांवर बसला आणि डाव्या स्पीकरच्या मागे डोकावला. लाल तार काळ्या खुंटीवर होती. ही चूक त्याने छत्तीस वर्षं शाळेत फळ्यावर काढून दाखवली होती. एका स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, गाणाऱ्याचा ठावठिकाणा राहत नाही. मुलांनो, आंधळ्यालासुद्धा कळेल, असं तो म्हणत असे. बहिऱ्याबद्दल त्याने मुलांना काही सांगितलं नव्हतं.

तार बदलून तो स्वयंपाकघरात गेला. तपासणीचा कागद ड्रॉवरमधून काढून टेबलावर, कोबीच्या देठांशेजारी ठेवला. बोडिलने हात पुसले, चष्मा लावला.

"उजवा जास्त गेलाय," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलंच होतं. ओव्हनचं घड्याळ दोन वर्षांपूर्वीच गेलं तुझ्या हिशेबी. ते वाजतं आणि तू त्याच्या शेजारी उभा राहून मला विचारतोस, झालं का गं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलायची वाट बघत होते. तुझे कान आहेत, मी कशाला सांगू." तिने कागद घडी करून त्याला परत दिला. "आणि दुसरं, जुने स्पीकर भिंतीपासून पुढे कोण ओढतं असं वाटतं तुला?"

"पुढे म्हणजे? ते मी मोजून ठेवलेत."

"तू मोजून ठेवतोस, बरोबर. मग खालचा आवाज ढेकर दिल्यासारखा येतो. मी व्हॅक्यूम करताना हातभर पुढे घेते. बारा वर्षं झाली."

आस्गरने हे ऐकून घेतलं. आपल्या खोलीच्या दुर्मीळ गुणांवर त्याने पत्रकात चार पानी लेख लिहिला होता. लेखाचं कौतुक झालं होतं.

तो स्टुलावर बसला आणि बायकोकडे बघत राहिला. बोडिल एकतीस वर्षं सुईण होती. हाताच्या पंजाएवढा लाकडी कर्णा आईच्या पोटावर टेकवायचा, कान लावायचा, आणि आतल्या दोन हृदयांमधलं बाळाचं कोणतं ते ओळखायचं. यंत्रं आली तरी आधी ती कर्ण्यानेच ऐके, मग यंत्राचं बरोबर आहे का बघे. असे कान या घरात रोज जेवायला बसत होते, आणि आस्गर कान घेऊन स्कॅनरबोर्गच्या फेऱ्या मारत होता.

"आभारी आहे," तो म्हणाला.

बोडिलने पातेल्यावरून मान वळवली. या देशात जेवून उठताना आभार मानतात; चव्वेचाळीस वर्षांत त्याने एकही दिवस चुकवला नव्हता.

"कशाबद्दल? अजून जेवण व्हायचंय."

"आधीचं राहिलेलं आहे बरंच."

"बरं," ती म्हणाली, आणि बटाटे सोलायला घेतले. पण जरा सावकाश सोलत होती.

जेवण झाल्यावर आस्गरने तिला आपल्या खुर्चीत बसवलं. तिने बसून आधी खुर्चीचीच परीक्षा केली. "पाठीला बरी आहे. एवढी वर्षं एकटाच बसलास होय." मग चाचणीची रेकॉर्ड बाजूला ठेवून तिने कपाटाच्या तळातून दुसरी काढली: तिच्या गावच्या चर्चमधल्या समूहगायनाची, चौऱ्याहत्तर साली ऑर्गनच्या दुरुस्तीसाठी पैसे जमवायला काढलेली. एकच माइक, तोही बहुधा कुणाच्या तरी टोपीखाली. असल्या ध्वनिमुद्रणाने स्पीकरांचा अपमान होतो म्हणून आस्गर ती लावू देत नसे.

तिने पांढऱ्या जोडीवर ऐकलं, मग अक्रोडी. ऐकताना ती डोळे मिटत नव्हती. जमिनीकडे बघत होती, आणि एक हात जरा वर धरला होता, कोणी बोलू नये म्हणून. आस्गर श्वाससुद्धा बेताने घेत उभा होता.

"अक्रोडी," ती म्हणाली. "मधल्या रांगेत मेटा मावशी आहे. डावीकडून तिसरी. पांढऱ्यावर नुसती रांग ऐकू येते, अक्रोडीवर मावशी. सर्दी झाली होती तिला त्या दिवशी."

"मग ठरलं. अक्रोडी."

"थांब. आता तू बस. शब्द कुठे कळतात ते सांग."

तो बसला. पांढऱ्या जोडीवर शब्द लागत होते. जरा टोचत होते, पण लागत होते. अक्रोडीवर सगळं गोधडीखालून आल्यासारखं. तो पांढऱ्या जोडीकडे बघू लागला. बोडिलला तेवढं पुरलं.

"मग पांढरी घे," ती म्हणाली.

"अजिबात नाही. मावशी जाते त्यात."

"मावशी जाऊन वीस वर्षं झाली आस्गर. तू आहेस. स्पीकर तुझ्यासाठी येतायत."

"माझ्यासाठी पुष्कळ आले. चव्वेचाळीस वर्षं माझ्यासाठीच येतायत."

"हट्ट करू नकोस."

"तू करू नकोस."

असं बराच वेळ चाललं. दोघंही उदारपणात मागे हटायला तयार नव्हती, आणि उदारपणाला थोडी भांडणाची धार येऊ लागली होती. शेवटी बोडिल त्याच्या समोर येऊन बसली आणि सुईण जशी बोलते तशी बोलली.

"हे बघ. टोचरा आवाज मुद्दाम विकत आणून आख्ख्या खोलीत सोडायचा, कारण तुझ्या कानात तेवढा भाग कमी आहे? जिथे कमी आहे तिथे भर घाल. ती यंत्रं कानात लाव आणि खरा स्पीकर घे."

आस्गरने तोंड उघडलं. श्रवणयंत्रांनी संगीताचं कसं वाटोळं होतं यावर त्याच्याकडे पाच मिनिटांचं तयार भाषण होतं. मंडळात ते नेहमी चाले. पण समोर ती बाई बसली होती जिने बारा वर्षं त्याचे स्पीकर ओढले आणि श्रेय त्याला घेऊ दिलं.

"मंडळात काय सांगू?" त्याने विचारलं. खरी अडचण ही होती, आणि ती अखेर तोंडातून बाहेर पडली.

"जे झालं ते सांग. केक मी करते."

रविवारी दोन वाजता मंडळ आलं. समूहगायनाची रेकॉर्ड ऐकून झाली. कप बशीवर टेकले. दहा माणसं आस्गरकडे बघू लागली. तो उभा राहिला आणि वर्गात बोलायचा तशा आवाजात म्हणाला, "काल मी डावा उलटा जोडला होता. मला कळलं नाही. मी वहीत 'हवेशीर' असं लिहिलं. खाली दोन रेघाही ओढल्या. बोडिलला दारातून कळलं. माझा उजवा कान जवळजवळ गेलाय, डावा त्याच्या मागे निघालाय. ही निवड तिची आहे, अक्रोडीवर तिला मधल्या रांगेतली मेटा मावशी ऐकू येते, आणि यापुढे या घरातली मतं तीच देईल."

केकवरच्या मलईकडे सगळ्यांनी लक्षपूर्वक पाहिलं.

मग विग्गो खाकरला. "मला तर पाच वर्षं काही कळत नाही. आधी तुझं वाचतो, मग मला तसं ऐकू येतं."

"अरे, मग मागच्या वर्षी नवे घेतलेस ते?" आस्गरने विचारलं.

"तू लिहिलं होतंस ना, खालचा आवाज घट्ट आहे. मी घरी जाऊन बघितलं. घट्ट वाटला."

खिडकीशी बसलेल्या एकाने, विषय निघालाच आहे तर म्हणून, कान तपासायला कुठे जावं ते विचारलं. आणखी तिघांनी न विचारता पत्ता सांगितला. तिघांचा पत्ता एकच होता. पुढचा तासभर मंडळात जेवढी खरी चर्चा झाली तेवढी गेल्या बावीस वर्षांत झाली नव्हती. बोडिल कॉफी घेऊन आली तेव्हा दहा माणसं एकदम उठली, आणि मेटा मावशी कुठली ते दाखवा म्हणाली. तिने रेकॉर्ड परत लावली. दाखवलं. चौघांना कळली, बाकीच्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला.

सोमवारी सकाळी आस्गरने आधी कान तपासणाऱ्या बाईंना फोन करून यंत्रांसाठी गुरुवारची वेळ घेतली, आणि मग गोर्मला.

"अक्रोडी ठेवतोय. पांढरी घेऊन येतो."

"एवढ्या लवकर? तू तर दर वेळी मुदत वाढवून महिना लावतोस."

"मी ठरवलं नाही. बोडिलने ठरवलं. माझे कान गेलेत गोर्म."

पलीकडे बराच वेळ शांतता. आस्गरला वाटलं, आता हेही ऐकू येईना की काय.

"ऐक," गोर्म हळू आवाजात म्हणाला. मग, सवय करून घ्यावी तसा, मोठ्याने: "एक नवी जोडी आलीय. दोन आठवडे ऐकतोय, मला सांगता येत नाही चांगली की वाईट. मीही एकसष्ट वर्षांचा झालो. बोडिल येईल का ऐकायला? तिला वेळ असेल तेव्हा."

आस्गरने फोनवर हात ठेवून विचारलं. बोडिल पेपर वाचत होती.

"गुरुवारी तुझ्याबरोबर येते," ती म्हणाली. "त्याला शुक्रवार सांग. आणि सांग, तारा मी जोडीन."