हळू फिरणारं ड्रिल

रेणापुरात शेवया करून विकणाऱ्या केवळाबाईंचा उजवा हात मशीनच्या नळीत गेला, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मुलानं, दयानंदनं, लगेच बटण बंद केलं. पण आतल्या, पीठ पुढं ढकलणाऱ्या स्क्रूनं तीन बोटं पकडून ठेवली होती. पुढची प्लेट काढली की स्क्रू ओढून घेता येणार होता. तीन बोल्ट निघाले. चौथ्याचं डोकं पाना घसरून गोल झालं.

ग्राइंडर लावावा तर ठिणग्या हातावर. दयानंदनं ड्रिल लावलं, पूर्ण वेगात, कोरडंच. धूर निघाला, बोल्ट काचेसारखा चकाकला, ड्रिलचं टोक जळालं. भोक काही पडलं नाही. ॲम्ब्युलन्स लातुरातून निघाली होती. बोटं काळीनिळी पडत होती. जमलेले लोक 'लवकर, लवकर' म्हणून ओरडत होते.

शेजारी गेट-ग्रिलचं दुकान चालवणारी राजकन्या पेटी घेऊन आली. बोल्टच्या मापाचं, कडक स्टील कापणारं कोबाल्टचं ड्रिल तिच्याकडं एकच होतं.

"मावशी, एक ठोका बसंल. दुखंल."

"मार," केवळाबाई म्हणाल्या.

चकाकलेल्या जागी तिनं टोकदार पंच ठोकून खाच पाडली. केवळाबाईंनी पदर दातात धरला. राजकन्यानं तेल सोडलं, ड्रिल अगदी हळू फिरवलं आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला.

"ताई, जोरात चालव की. येळ न्हाई."

"जोरात चालवलं म्हणूनच कडक झालंय ते, दयानंदभाऊ. स्टील नुसतं घासलं की हट्टाला पेटतंय. तेल सोडत राहा."

पहिलं मिनिट काहीच झालं नाही. तिच्या मनगटाला कळ लागली. हात ढिला सोडावा वाटला, पण सोडला तर पुन्हा घासणं सुरू. मग तेलातून धातूचं एक बारीक, चमकदार वेटोळं वर आलं. मागून दुसरं.

"मावशी, चटका बसतोय का?"

"गरम हाय. सोसंल."

तरी ती थांबली. ओल्या फडक्यानं प्लेट गार केली, पुन्हा ड्रिल टेकवलं. अकराव्या मिनिटाला बोल्टचं डोकं टणकन खाली पडलं. दोघांनी प्लेट ओढली, मग स्क्रू. हात सुटला तशा केवळाबाई बेशुद्ध झाल्या.

लातूरच्या डॉक्टरांनी दोन बोटं वाचवली. करंगळी गेली.

आठवड्यानं राजकन्या भेटायला गेली तेव्हा तिला मान वर करवेना. "अजून लवकर झालं असतं तर..."

केवळाबाईंनी डाव्या हातानं तिला जवळ बसवून घेतलं. "घाई करणारे लई होते गं तिथं," त्या म्हणाल्या.