पाचवं वाक्य

बाईंनी फळ्याला पाठ टेकून हात वर केला आणि त्रेसष्ट मुलं त्यांच्याबरोबर एका सुरात म्हणू लागली.

"आम्ही हात उगारत नाही. आम्ही खरं बोलतो. आम्ही दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घेतो. आम्ही कुणाला एकटं पाडत नाही. आम्हाला इथे यायला आवडतं."

दारात उभ्या असलेल्या मोठ्या बाई मान डोलावत ऐकत होत्या. या वर्गाचं वचन शाळेत गाजलं होतं. वर्षाच्या सुरुवातीला मुलांनी स्वतः वाद घालून ही पाच वाक्यं ठरवली, रोज सकाळी म्हणायला लागली, आणि आठवड्याला दोन डोकी फोडणारा वर्ग हळूहळू माणसांत आला. उद्या दुसऱ्या शाळांचे मुख्याध्यापक ते ऐकायला येणार होते.

मोठ्या बाईंनी बाईंना व्हरांड्यात बोलावलं.

"तिसऱ्या बाकावरची ती बारकी. दुसऱ्या वाक्याला तोंड मिटून घेते. लक्षात आलं तुमच्या?"

बाईंच्या लक्षात आलं नव्हतं. मुलांच्या डोक्यांवरून त्या हल्ली मागच्या भिंतीकडे बघत.

"उद्या पाहुण्यांसमोर नको. बघून घ्या जरा."

"बघते."

मधल्या सुट्टीत बाईंनी त्या मुलीला जिन्याच्या खिडकीपाशी थांबवलं. सगळा वर्ग तिला बारकीच म्हणायचा, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे.

"दुसरं वाक्य का म्हणत नाहीस?"

बारकी डब्याचं झाकण उघडत, लावत राहिली.

"मी रोज खोटं बोलते, म्हणून."

"कुणाशी?"

"आजीशी. तिला सांगते, बाबांचा फोन आला होता, तू झोपली होतीस. मग ती विचारते, जेवला का म्हणाला? मी हो म्हणते."

"आणि फोन?"

"दोन वर्षं नाही आला." झाकण खटकन बसलं. "आईला माहितीये. ती म्हणते, सांगत जा, आजीला तेवढंच बरं वाटतं. मग मी ठरवलं, ते बंद करता येत नाही तर निदान हे वाक्य तरी म्हणायचं नाही."

  बाईंनी विचारलं,

"मध्येच गप्प राहिलेलं चालतं, असं कुणी सांगितलं तुला?"

बारकीने पहिल्यांदाच वर पाहिलं.

"तुम्हीपण पाचवं म्हणत नाही ना, इथे यायला आवडतं ते. म्हणून वाटलं, चालत असेल."

खाली मैदानात कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. बाईंनी खिडकीचा गज धरला.

"कधीपासून?"

"सुट्टी संपल्यापासून. दोन तुकड्या एकत्र झाल्या ना, तेव्हापासून."

"आणखी कुणाला माहितीये?"

"सगळ्यांना." मग बाईंचा चेहरा बघून ती घाईने म्हणाली, "मोठ्या बाईंना नाही सांगितलं कुणी."

दुसऱ्या दिवशी पाहुणे जिना चढत असताना मोठ्या बाईंनी हळूच विचारलं,

"बोललात तिच्याशी?"

"बोलले. ते वाक्य ती म्हणणार नाही. तिचं कारण आहे आणि मला ते पटलंय."

मोठ्या बाईंच्या कपाळावर आठी पडली, पण तोवर पाहुणे दारात आले होते.

वचन झालं. दुसऱ्या वाक्याला बारकी गप्प राहिली. पाचव्याला बाईंनी ओठ उघडले, पण आवाज काही निघाला नाही. पाहुण्यांना यातलं काहीच कळलं नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या, एकाने पाचही वाक्यं डायरीत उतरवून घेतली, आणि मोठ्या बाई त्यांना चहाला घेऊन गेल्या.

गणिताचा तास होता. बाईंनी खडू उचलला. लिहायला वळल्या आणि पुन्हा वर्गाकडे तोंड केलं.

"पाचवं वाक्य मी म्हणत नाही. तुम्हाला ते माहितीये, असं कळलं."

मागच्या बाकांवरून माना वर झाल्या.

"तुमच्यावर राग नाही माझा. मी दमलेय. घरून निघतानाच दमलेली असते."

 मागच्या बाकावरचा दांडगा उठून उभा राहिला. वर्षाच्या सुरुवातीला त्याने एकाचा दात पाडला होता.

"मग बसा ना बाई. दिवसभर उभ्याच असता तुम्ही."

"बसू कुठे?"

खरोखरच जागा नव्हती. दोन तुकड्यांचे बाक एका खोलीत मावेनात, म्हणून बाईंचं टेबल आणि खुर्ची कधीच बाहेर गेली होती. मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग तिसऱ्या बाकावर सरकासरकी झाली. बारकी आणि तिच्या शेजारच्या दोघी भिंतीला चिकटून बसल्या. कडेला एक वीतभर जागा झाली, मग आणखी थोडी.

बाई तिथे बसल्या. गुडघे बाकाखाली जाईनात, म्हणून त्यांनी पाय बाहेर काढले.  मग त्यांनी फळ्याकडे पाहिलं. खिडकीतला उजेड त्याच्यावर असा पडला होता, की डावी बाजू नुसती चकाकत होती.

"इथून डावीकडचं दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"नाहीच दिसत," बारकी म्हणाली. "आम्ही अंदाजाने उतरवतो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

बाईंनी हातातला खडू तिच्यापुढे धरला.

"जा. उजवीकडे लिही. मी इथून सांगते."